पूर्वजांचा माग : सुरतेकडील मराठी कुटुंबांसाठी काही दिशा

आपले पूर्वज कोण, ते कोठून आले आणि कोणत्या कारणाने त्यांनी मूळ गाव सोडले, हे प्रश्न पूर्वी सणासुदीला वडीलधाऱ्यांच्या गप्पांत निघत आणि तेथेच विरत. आता तसे राहिलेले नाही. वडिलोपार्जित जमिनीवर वारस म्हणून नाव लावणे असो, मुलाच्या शिक्षणासाठी जातीचा दाखला मिळविणे असो, अथवा भाऊबंदकीतला वाटणीचा दावा असो, प्रत्येक ठिकाणी वंशावळ मागितली जाते आणि ती नुसती सांगून भागत नाही, सिद्ध करावी लागते.

सुरत व तिच्या आसपासच्या प्रदेशात राहणाऱ्या मराठी भाषिक कुटुंबांना ही अडचण विशेष जाणवते. यांतील काही घराणी गायकवाडांच्या अमलात कारकून, कमाविसदार, शिलेदार म्हणून सोनगड, व्यारा, नवसारी या बाजूस आली. फार मोठा वर्ग मात्र खानदेशातून आला. सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास अमळनेरपर्यंत पोहोचला आणि नंदुरबार, शहादे, दोंडाईचे येथील माणसांना सुरत जवळची झाली. पुढे यंत्रमागाचा व्यवसाय वाढला, तेव्हा उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशी वस्त्या उभ्या राहिल्या. तिसऱ्या पिढीला घरात अहिराणी ऐकू येते, पण पणजोबांचे पूर्ण नाव सांगता येत नाही, अशी कित्येक घरांतील स्थिती आहे.

वंशावळीने ठरलेले एक राज्य

वंशावळीच्या शोधाचे महत्त्व पटविणारे एक ठळक उदाहरण याच प्रदेशाच्या इतिहासात आहे. गायकवाड घराण्याचे पिलाजीराव यांनी सोनगडास आपले ठाणे केले होते. १७३२ मध्ये डाकोर येथे त्यांचा घात झाला. पुढे त्यांच्या वंशजांचे राज्य बडोद्यास स्थिर झाले. १८७५ च्या एप्रिलमध्ये इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाड यांना पदच्युत केले आणि गादीला वारस कोण, हा प्रश्न उभा राहिला. खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची मुभा मिळाली, मात्र मुलगा गायकवाडांच्याच वंशातला हवा होता.

शोध घेता घेता नजर गेली ती नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्याच्या कवळाणे या गावी. तेथे काशीराव गायकवाड हे शेती करणारे गृहस्थ राहत होते. पिलाजीरावांचे पुत्र प्रतापराव यांची ही शाखा. तिच्या हक्काची चौकशी झाली, तो मान्य झाला आणि काशीरावांचे १२ वर्षांचे चिरंजीव गोपाळराव २७ मे १८७५ रोजी दत्तक गेले. हेच पुढे महाराजा सयाजीराव म्हणून विख्यात झाले. पिलाजीरावांच्या मृत्यूनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी एका शेतकरी कुटुंबाचे मूळ पुरुषाशी असलेले नाते तपासले गेले आणि त्यावर एका संस्थानाचे भवितव्य ठरले. सामान्य कुटुंबाच्या वंशावळीवर राज्य अवलंबून नसते, परंतु दोन एकर जमीन किंवा मुलीचा महाविद्यालयातील प्रवेश अवलंबून असू शकतो, आणि त्या कुटुंबाला त्याचे मोल तेवढेच असते.

खालून वर

पूर्वजांचा शोध घेणारे बहुतेक लोक एक चूक करतात. ते इतिहासातील एखाद्या नामांकित पुरुषापासून आरंभ करतात आणि त्याच्याशी आपले आडनाव जुळले की आनंदित होतात. आडनाव हा पुरावा नव्हे. 'पाटील' हे मुळात पद होते. गावोगावी पाटील होते आणि त्यांचे एकमेकांशी रक्ताचे नाते असण्याचे कारण नाही. सुरतेकडे तर आणखी एक घोटाळा होतो. गुजराती दप्तरात लिहिताना 'पाटील'चे 'पटेल' होऊन जाते आणि एकाच कुटुंबातील दोन भाऊ कागदोपत्री दोन आडनावांचे ठरतात.

म्हणून शोधाची दिशा खालून वर असावी. प्रथम स्वतःचा जन्मदाखला, मग वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, मग आजोबांची जमिनीची वा शाळेची नोंद, अशी एकेक पायरी चढावी. प्रत्येक पायरीस निदान एक कागद असावा. जेथे कागद नाही तेथे कोरी जागा सोडावी. कल्पनेने भरलेली जागा पुढच्या सर्व पायऱ्या डळमळीत करते.

गाव जागेवर, जिल्हा मात्र फिरता

कागद कोठे शोधावा, हे ठरविण्यापूर्वी त्या वर्षी ते गाव कोणाच्या अमलाखाली होते, हे पाहिले पाहिजे. तापीकाठचे निझर घ्या. ते प्रथम खानदेश जिल्ह्यात होते. १९०६ मध्ये खानदेशचे दोन भाग झाल्यावर ते पश्चिम खानदेशात आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये वेगळी झाली तेव्हा ते सुरत जिल्ह्यात गेले आणि २००७ पासून ते तापी जिल्ह्यात आहे. तसेच उंबरगावचे. १९६० पर्यंत ठाणे, नंतर सुरत आणि १९६४ पासून वलसाड. येथील एखाद्या शेतकऱ्याने आयुष्यात गाव सोडले नसेल, तरी त्याच्या तीन पिढ्यांचे कागद तीन जिल्ह्यांच्या दप्तरांत असू शकतात. नंदुरबार जिल्हाही १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या नोंदींसाठी धुळ्याची चौकशी करणे इष्ट.

नवसारी, व्यारा, सोनगड ही ठिकाणे १९४९ पर्यंत बडोदे संस्थानात होती. त्यांचे जुने कागद बडोदे येथील पुराभिलेखागारात पाहावेत. त्यांतील पुष्कळसे मराठी भाषेत व मोडी लिपीत आहेत. पेशवाईतील कागदांसाठी पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर आणि कंपनी सरकार व मुंबई इलाख्याच्या कागदांसाठी मुंबईचे पुराभिलेखागार ही मुख्य स्थळे होत. ज्या घराण्यांकडे इनाम जमीन होती, त्यांनी १८५२ च्या कायद्याखालील इनाम चौकशीचे कागद अवश्य पाहावेत. इनाम टिकविण्यासाठी त्या काळी लोकांनी स्वतःच्या वंशावळी सरकारात दाखल केल्या होत्या.

सुरत शहरातील जुन्या घरांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १८३७ च्या एप्रिलमधील आगीत शहराचा फार मोठा भाग जळाला आणि ऑगस्ट २००६ च्या पुरात बहुतेक शहर पाण्याखाली गेले. घरातील पेटीत कागद उरला नसेल, तरी त्याची दुसरी प्रत शाळेत, तलाठ्याकडे वा न्यायालयात असू शकते. तेवढ्यावरून निराश होऊ नये.

गावच्या दप्तरातील भाषा

गावच्या नोंदी वाचताना काही शब्द माहीत असले पाहिजेत. 'रामा वलद शिवा' किंवा 'रामा बिन शिवा' म्हणजे शिवाचा मुलगा रामा. 'सखू कोम रामा' म्हणजे रामाची पत्नी सखू. 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता. 'ए. कु. मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा व्यवस्थापक. या शेवटच्या अक्षरांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे धाकट्या भावांचे हक्क बुडाल्याची उदाहरणे आहेत, कारण उताऱ्यावर थोरल्याचेच नाव दिसते.

जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये असतात. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. त्यात पुष्कळदा बाळाचे नाव नसते, कारण नोंद बारशापूर्वीची असते. बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख एवढेच मिळते. शाळेच्या दाखल-खारिज नोंदवहीत उलट नाव असते, पण जन्मतारीख पुष्कळदा गुरुजींनी अंदाजाने घातलेली असते. निम्मा वर्ग १ जून रोजी जन्मला, असे जेथे दिसते, तेथे ती तारीख पंचांगातून आली नसून शाळा उघडण्याच्या सोयीतून आली आहे, हे उघड आहे. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की एकीची उणीव दुसरी भरून काढते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, उधना येथील एका कामगाराला आपले पणजोबा 'रामा' होते आणि गाव शहादे तालुक्यात होते, एवढेच ठाऊक आहे. गावच्या फेरफारात त्याच काळी दोन रामा सापडतात, एक शिवाचा मुलगा आणि दुसरा धोंडूचा. त्याचा पणजोबा कोणता? आजोबांचे शाळेतील नाव 'शिवा रामा' आहे. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपली रीत पाहता पहिल्या रामाकडे संशय वळतो, पण तो संशयच. पुढे १९३४ चा एक फेरफार मिळतो. रामा वलद शिवा मयत, वारस अज्ञान मुलगा शिवा, अ. पा. क. आई सखू कोम रामा. शाळेच्या नोंदवहीतही त्या मुलाची पालक म्हणून आईच आहे. दुसऱ्या रामाच्या वारसांत शिवा नावाचा मुलगा नाही. आता दोन वेगवेगळ्या कचेऱ्यांतील दोन कागद एकच गोष्ट सांगतात. येथे गाठ सुटली, असे म्हणावयास हरकत नाही.

सन आणि संवत

जुन्या कागदावरील वर्ष इंग्रजीत आणताना सावधगिरी हवी. शकात ७८ मिळवावे, मात्र जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. गुजरातेत विक्रम संवत कार्तिकात बदलतो, म्हणून दिवाळीनंतर डिसेंबरपर्यंत ५७ आणि एरवी ५६ वजा करावे. मराठी दप्तरातील सुहूर सन मृगात बदलतो. त्यात ५९९ आणि जानेवारीनंतर ६०० मिळवावे. दक्षिणेकडील फसलीत ५९० अथवा ५९१ मिळवावे. एका वर्षाची चूक झाली, तर बापाच्या मृत्यूनंतर मुलगा जन्मल्याचे दिसू लागते.

वडीलधारी माणसे वर्षाऐवजी प्रसंग सांगतात. 'छप्पनियात आमचे आजे इकडे आले' असे कोणी म्हटले, तर तो संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ. मानमोडीची साथ म्हणजे १९१८. असे उद्गार लगेच टिपून ठेवावेत, कारण ते सांगणारे दरवर्षी कमी होत आहेत.

तारखेचे महत्त्व किती, हे छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीच्या वादावरून सर्वांस ठाऊक आहे. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातील शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली आणि फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही तिथी पुढे आली. एका घराने सांभाळलेल्या कागदाने इतिहासाचा प्रश्न नव्याने उभा केला.

वह्या, शिळा आणि स्मरण

सरकारी दप्तराबाहेरही साधने आहेत. त्र्यंबकेश्वर, नाशिक व नर्मदाकाठचे चांदोद येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंनी आपल्या भावांची, मुलांची नावे लिहून ठेवलेली असतात. तेथे आजचा पत्ता न सांगता मूळ गाव व आडनाव सांगावे. गुजरातेत वहीवंचा बारोट आणि दक्षिण महाराष्ट्रात हेळवी पिढ्यानपिढ्या वंशावळी राखत आले आहेत. नवसारीच्या पारशी धर्मगुरूंनीही आपल्या वंशावळी जपल्या आहेत. सुरतेच्या कतारगाम भागातील दफनभूमीत १६५९ साली मरण पावलेल्या ख्रिस्तोफर ऑक्सेंडनची कबर उभी आहे. कबरीवरील लेख, घरातील वंशावळ, देवघरातील टाक हीसुद्धा साधनेच होत.

यांचे मोल कसे ठरवावे? पुराव्याच्या कायद्यात याविषयी एक शहाणे तत्त्व पूर्वीपासून आहे. नात्याविषयी मृत व्यक्तीने केलेले कथन, वंशावळ वा थडग्यावरील लेख विचारात घेता येतो, पण तो तंटा उद्भवण्यापूर्वीचा असावा. भांडण लागल्यावर तयार झालेल्या वंशावळीस वजन नसते. शांततेच्या काळात लिहिलेला कागदच पुढे कामास येतो.

स्त्रियांची नावे

आपल्या बहुतेक वंशावळींत लेकी नाहीत. सुना 'अमक्याची पत्नी' एवढ्यावर संपतात. ही उणीव भावनेपुरती नाही. मुलीचा वारसाहक्क आता कायद्याने मान्य आहे आणि वंशावळीतून तिला वगळणे ही चुकीची माहिती देणे ठरते. बडोदे संस्थानात १९०६ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले व त्यात मुलीही आल्या. त्यामुळे नवसारी प्रांतातील जुन्या शाळांच्या नोंदवह्यांत पणजीचे माहेरचे नाव मिळण्याची शक्यता आहे.

अधिकारी, शिक्षक आणि कुटुंबे

अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांनी लक्षात ठेवावे की, स्थलांतरानंतर त्यांचा दर्जा मूळ राज्याशीच निगडित राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये स्पष्ट केले आहे. महाराष्ट्रात दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. सुरतेत जन्मलेल्या मुलाला आजोबांच्या शाळेचा उतारा लागतो, तो यामुळे.

तलाठी व मुख्याध्यापक यांच्याकडील जुनी नोंदवही ही कोणातरी कुटुंबाची एकमेव साक्ष असते. ती वाळवीपासून व ओलीपासून जपणे हे कर्तव्य होय. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामात जुन्या नोंदी तपासताना मोडी वाचकांची गरज किती आहे, हे दिसून आले. शिक्षकांनी व तरुणांनी ही लिपी शिकून घेतल्यास गावाचे मोठे काम होईल.

कुटुंबांनी करावयाचे काम सोपे आहे. एक वही घ्यावी, घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ बसावे आणि नावे, गावे, प्रसंग लिहून घ्यावेत. कोणती गोष्ट कोणी सांगितली व कोणत्या कागदात मिळाली, हे प्रत्येक नावापुढे नोंदवावे. त्या वहीची एक प्रत सुरतेच्या घरी व एक मूळ गावच्या भाऊबंदांकडे ठेवावी, म्हणजे आगीत वा पुरात दोन्ही एकदम जाणार नाहीत.