चिंचोक्यांच्या खेळातून विजेचा प्रवास

एका शाळाभेटीत सातवीच्या वर्गात विजेचा पाठ चालू होता. एका मुलाने विचारले, "गुरुजी, गावात आल्यावर विजेचा दाब उतरवावाच लागतो, तर तो आधी चढवितात कशाला?" गुरुजींनी "तशी पद्धतच आहे" असे सांगून पाठ पुढे नेला. प्रश्न पाठातील सर्वांत मोलाचा होता.

त्याच्यासाठी पुढील खेळ योजावा. पटांगणात दोन रेघांची अरुंद गल्ली आखावी. एका टोकास कोयनेचे पोफळी येथील वीजगृह, दुसऱ्या टोकास गाव. एकाच वेळी धावणारी मुले म्हणजे प्रवाह, प्रत्येकाच्या ओंजळीतील चिंचोके म्हणजे दाब. नियम एकच: जितकी मुले एकत्र धावतील, तितके चिंचोके प्रत्येकाने वाटेत टाकावेत. गर्दीत सांडते अधिक, हे मुलांस निराळे सांगावे लागत नाही.

एकूण चिंचोके ४८ घ्यावेत. पहिल्या डावात सहा मुले, प्रत्येकी आठ. वाटेत ३६ जातात, गावात अवघे १२ पोहोचतात. दुसऱ्या डावात तीन मुले, प्रत्येकी सोळा. आता ९ सांडतात, ३९ पोहोचतात. प्रवाह निम्मा झाला, नुकसान मात्र चौथाईवर आले. "निम्म्यावर का नाही?" हे मुलांनाच विचारावे व उत्तरास दहा मिनिटे लागली तरी थांबावे. सांडणारे निम्मे झाले आणि प्रत्येकाचे सांडणेही निम्मे झाले, हे त्यांचे त्यांनाच सापडू द्यावे. सांडलेले चिंचोके म्हणजे तारा तापण्यात गेलेली वीज. कोयनेची वीज २,२०,००० व्होल्टपर्यंत दाब चढवून का धाडतात, हे मग मुलेच सांगतात. गावाजवळ तो टप्प्याटप्प्याने ११,००० व शेवटी घरासाठी २३० व्होल्टवर उतरतो.

मी वर्गावर असताना या खेळास बक्षीस ठेवले होते. मुले चिंचोके खिशात दडवू लागली आणि हिशेब कधीच जुळेना! तेव्हापासून बक्षीस बंद केले. फळ्यावर हिशेब मांडण्याचा मान पाळीपाळीने द्यावा, तेवढे पुरते.

गल्ली मात्र गावच्या रोहित्रापासून, म्हणजे लोक ज्यास डीपी म्हणतात त्यापासून, दूर आखावी. तेथे ११,००० व्होल्टचा दाब असतो. स्पर्श न होता, नुसते फार जवळ गेल्यानेही प्राणघातक धक्का बसू शकतो. हे खेळापूर्वीच सांगावे. कुंपणात गेलेला चेंडू आणावयास कोणीही जावयाचे नाही, गुरुजींनीही नाही. नवा चेंडू सादिलातून घेता येतो.