ठिपक्यांनी मोजलेला माळ

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याने वीसेक किलोमीटर गेले की नान्नज येते. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली या भागात अभयारण्य झाले. माळढोक आता येथे क्वचितच दिसतो, पण काळविटांचे कळप मात्र दिसतात. माळावर एखादा काळवीट उभा असेल तर बरोबरच्या मंडळींना विचारा, तो किती दूर आहे? एक म्हणेल शंभर मीटर, दुसरा म्हणेल तीनशे, आणि दोघेही पैज मारायला तयार! यात त्यांचा दोष नाही. सपाट माळावर मध्ये झाड नाही, घर नाही. नजरेने तुलना करायची तरी कशाशी?

जागचे न हलता हे अंतर मोजण्याची एक युक्ती शिकारी बंदुकीच्या दुर्बिणीत असते. तिच्या आतील फुलीवर सारख्या अंतरावर बारीक ठिपके असतात. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या मरीन दलातील नेमबाजांसाठी ही रचना झाली, आणि पुढे ती शिकाऱ्यांनी उचलली. तिला ‘मिल-डॉट’ म्हणतात. यातला ‘मिल’ म्हणजे मिलिरेडियन, म्हणजेच एका रेडियनचा हजारावा भाग.

रेडियन तुम्हाला भूमितीत भेटला असेल. त्रिज्येइतक्याच लांबीचा कंस वर्तुळाच्या केंद्रापाशी जो कोन करतो, तो एक रेडियन. मग कंस त्रिज्येच्या हजाराव्या भागाइतका घेतला तर कोन एक मिल. याचा अर्थ असा की १,००० मीटरवर उभी असलेली एक मीटर उंचीची वस्तू एक मिल कोन करते. १०० मीटरवर तेवढाच कोन १० सेंटिमीटरची वस्तू करील. एवढ्या लहान कोनात कंस आणि सरळ रेषा यांतला फरक नगण्य असतो. त्यामुळे सूत्र अगदी सोपे होते: वस्तूची उंची मिलिमीटरमध्ये घ्या, तिला मिलने भागा, अंतर मीटरमध्ये मिळेल.

हे पडताळायला दुर्बीण नको. एका पट्टीला दोरा बांधा आणि पट्टीपासून बरोबर ५० सेंटिमीटरवर गाठ मारा. गाठ डोळ्याखाली गालाला टेकवून दोरा ताठ धरला की पट्टीवरचा प्रत्येक मिलिमीटर म्हणजे दोन मिल. आता क्रिकेटच्या खेळपट्टीच्या एका टोकाला उभे राहून दुसऱ्या टोकाची यष्टी मोजा. ती पट्टीवर सुमारे १८ मिलिमीटर भरेल, म्हणजे ३६ मिल. यष्टीची उंची ७११ मिलिमीटर. भागाकार आला १९.७५. खेळपट्टीची खरी लांबी २०.१२ मीटर आहे. दोरा आणि पट्टी यांच्या मानाने हे वाईट नाही!

काळविटाची खांद्यापाशी उंची साधारण ८० सेंटिमीटर असते. तो २०० मीटरवर असेल तर चार मिल, म्हणजे आपल्या पट्टीवर जेमतेम दोन मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर चुकला तरी उत्तर पार बिघडते. दुर्बिणीचे काम येथे सुरू होते. वस्तुभिंग समोरच्या दृश्याची प्रतिमा नळीच्या आत पाडते, आणि ठिपक्यांची काच नेमकी त्या जागी बसवलेली असते. भिंगाचे नाभीय अंतर २०० मिलिमीटर असेल तर ठिपके ०.२ मिलिमीटरवर. नेत्रभिंगातून प्रतिमा आणि ठिपके दोन्ही मोठे दिसतात, म्हणून मिलचा पाचवा भागही वाचता येतो. मात्र काही दुर्बिणींत दृश्य लहानमोठे करण्याची सोय असते. त्यांपैकी पुष्कळांत ठिपके एका ठरावीक मोठेपणालाच खरे असतात. हे विसरणारे पुष्कळ.

शिकाऱ्याला अंतराची एवढी काळजी का? गोळी सरळ जात नाही, ती वाटेत पडत जाते. वेग सेकंदाला ८०० मीटर धरा आणि हवेचा विरोध सोडून द्या. २०० मीटर जाईपर्यंत ती ३१ सेंटिमीटर पडते, ३०० मीटरपर्यंत ६९. तीनशेचे अंतर दोनशे समजले तर गोळी बरीच खाली लागते. छातीवर धरलेला नेम पायावर जातो, आणि जनावर लंगडत कोठेतरी मरायला निघून जाते.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट आणि माळढोक यांच्या शिकारीला बंदी आहे. पण अंतर तेथेही लागतेच. गणना करणारा सरळ रेषेत चालतो आणि प्रत्येक प्राणी त्या रेषेपासून किती दूर दिसला ते लिहितो. सगळी अंतरे निम्मी लिहिली गेली तर पाहिलेले क्षेत्र निम्मे ठरते, आणि दर चौरस किलोमीटरला काळवीट दुप्पट आहेत असे खोटेच उत्तर निघते. म्हणून नुसत्या नजरेवर भिस्त ठेवून चालत नाही. ठिपक्यांची मापपट्टी असलेल्या दुर्बिणी नौकानयनातही वापरतात. तशी एखादी मिळाली तर येथे कामाला येईल.

आता खरी अडचण सांगतो, ती गवताची. पावसाळ्यानंतर काळविटाचे खूर गवतात बुडतात. १५ सेंटिमीटर झाकले गेले तर २०० मीटरवर तो चारऐवजी सव्वातीन मिल दिसेल. तुम्ही ८० सेंटिमीटरच धरून भागाकार केलात तर उत्तर येईल २४६ मीटर. माळढोकाचे तर विचारूच नका. मान ताठ केली की एक उंची, खाली घातली की दुसरी! अशा वेळी प्राण्याजवळचा कुंपणाचा खांब मोजलेला बरा, अर्थात त्याची उंची आधी टेपने घेतलेली हवी.

येत्या पौर्णिमेला हीच दोऱ्याची पट्टी चंद्रावर धरून पाहा. तो सुमारे साडेचार मिलिमीटर भरतो. चंद्राचे सरासरी अंतर ३,८४,००० किलोमीटर धरून त्याचा व्यास काढा. ३,४५० किलोमीटरच्या आसपास आला तर तुमचा दोरा ताठ होता असे समजा.