पगार कापू नका

म्हैसूरला हेब्बाळ औद्योगिक वसाहतीत नोकरीला असताना एका संध्याकाळी आठ वाजता मी मेक्सिको सिटीतल्या ग्राहकाला एका ओळीचा मेल टाकला आणि घरी जाऊन चित्रान्न खाऊन झोपलो. मला लिहायचं होतं, 'दुरुस्त केलेल्या फायली पाठवीन.' मी लिहिलं होतं, 'पाठवल्या.'

तिकडे तेव्हा सकाळचे साडेआठ. त्यांचा अख्खा कामाचा दिवस न आलेल्या फायली शोधण्यात गेला. स्पॅम धुंडाळलं, मेलची व्यवस्था बघणाऱ्यांना जाब विचारला. सकाळी मी शांतपणे फायली जोडायला बसलो, तर अकरा मेल वाट बघत होते. शेवटच्यात 'सेन्योर' (महाशय) हे संबोधनसुद्धा नव्हतं.

चूक एवढीच की स्पॅनिशमध्ये 'एंबियारे' लिहायच्या जागी मी 'एंबिए' लिहिलं. पहिलं म्हणजे पाठवीन, दुसरं म्हणजे पाठवलं.

ही चूक मराठी माणसाकडून हमखास होते, म्हणून सांगतो. 'बोलणे'तला 'णे' काढायचा, मग बोलेन, बोलशील, बोलेल करायचं, हे आपल्या हाडात असतं. त्यात स्पॅनिश वर्तमानकाळही तसाच शिकवतात: 'आब्लार' म्हणजे बोलणे, त्यातला 'आर' छाटा, 'ओ' लावा, झालं 'आब्लो', मी बोलतो. मग भविष्यकाळाच्या धड्यालाही हात आपोआप कात्रीकडे जातो. आणि छाटलेल्या 'आब्ल'ला भविष्याचा 'ए' लावला की होतं 'आब्ले', म्हणजे मी बोललो. रूप अगदी शुद्ध, काळ मात्र भूत! त्यामुळे शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रॅमही गप्प बसतो.

भविष्यकाळात काहीच छाटायचं नसतं. अख्ख्या क्रियापदामागे प्रत्यय येतो: आब्लारे, आब्लारास, आब्लारा, आब्लारेमोस, आब्लारेइस, आब्लारान. 'कोमेर' (खाणे), 'बिबिर' (जगणे) यांनाही हेच सहा प्रत्यय. आपल्याकडे 'करीन' पण 'बसेन', तसली भानगड इथे नाही.

असं का, ते कळल्यावर माझं पाठांतर थांबलं. बोलीभाषेतल्या लॅटिनमध्ये 'कांतारे हाबेओ' अशी जोडी होती. शब्दशः 'गाणे आहे माझ्याकडे', म्हणजे आपलं 'मला गायचंय'. पुढे दोन शब्द चिकटून एक झाले आणि 'असणे'ची रूपं प्रत्यय होऊन बसली. जुन्या स्पॅनिशमध्ये तर या दोघांच्या मधे सर्वनामसुद्धा घुसायचं. मूळचे दोन स्वतंत्र शब्द, म्हणून पहिला शाबूत राहिला.

लक्षात ठेवायला मला सापडलेली खूण मराठीतच आहे. आपला 'पगार' पोर्तुगीजांकडून आला. त्यांचं 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे, आणि स्पॅनिशमध्येही तेच क्रियापद. 'पागारे' म्हणजे देईन, 'पागे' म्हणजे दिले. पगार कापलात की पैसे दिल्याची कबुली देऊन बसाल. चामुंडी टेकडीच्या हजार पायऱ्या मी हे घोकत चढलोय.

लिहिताना आणखी एक सांभाळा. 'आब्लारेमोस' सोडून बाकी पाचही रूपांत प्रत्ययाच्या पहिल्या स्वरावर तिरकी रेघ हवी, आणि बोलतानाही जोर तिथेच. आपण सगळी अक्षरं सपाट म्हणतो; फोनवर त्याने घोटाळा होतो. 'तेनेर'चं 'तेंद्रे', 'आसेर'चं 'आरे' अशी डझनभर क्रियापदं वाकडी चालतात खरी, पण वाकतं ते अंग. प्रत्यय तेच राहतात.

कन्नड सहकाऱ्याला मी हे सांगितलं तेव्हा तो हसला. त्याच्या 'कळिस्तीनि'त पाठवतो आणि पाठवीन दोन्ही बसतात. 'नाळे', म्हणजे उद्या, जोडलं की भागलं. मीही मेलमध्ये 'उद्या' लिहिलं असतं तर त्या ग्राहकाला शंका तरी आली असती. तेव्हा सुरुवातीला वेळेचा शब्द घालाच. किंवा 'बोय आ एंबियार' लिहा, म्हणजे 'पाठवणार आहे'. बोलण्यात हेच जास्त चालतं आणि कात्रीचा प्रश्नच येत नाही.

पैशाच्या व्यवहारात मात्र दुप्पट जपा. स्पॅनिशमध्ये वचनचिठ्ठीचं नावच 'पागारे' आहे.