काला अंब : चिंधी, धागा आणि गोधडी

हरियाणातील पानिपत शहराबाहेर काला अंब हे ठिकाण आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी झालेल्या पानिपतच्या तिसऱ्या लढाईचे स्मारक तेथे उभे आहे. मराठी वाचकास पानिपत परिचित आहे ते या पराभवामुळे. परंतु या शहराची आणखी एक ओळख आहे : देशोदेशींचे टाकून दिलेले कपडे येथे येतात आणि त्यांपासून पुन्हा सूत निघते.

या धंद्यास ‘शॉडी’ म्हणतात. त्याचा आरंभ १८१३ च्या सुमारास इंग्लंडमधील बॅटली या गावी बेंजामिन लॉ याने केला. पानिपतमध्ये प्रथम कपड्यांची रंगवार निवड होते. त्यामुळे पुन्हा रंगविण्याची गरज बहुधा राहत नाही. बिरडी व चेन काढून स्त्रिया उभ्या पात्यावर कपडे कापतात. नंतर यंत्र ते पिंजून तंतू मोकळे करते. त्यांचे सूत कातून स्वस्त ब्लँकेटे विणली जातात. पिंजताना मात्र तंतू तुटून आखूड होतात, आणि आखूड तंतूंचे सूत तितके बळकट नसते.

गोधडीची रीत याच्या उलट आहे. येथे वीण मोडली जात नाही. जुन्या लुगड्यात जेवढे बळ उरले असेल, तेवढे कामी येते. लुगड्याचा जीर्ण भाग वगळून अस्तर अंथरावे. धुतलेले सुती तुकडे गडद व फिके असे वेगळे करून त्यावर मांडावेत; प्रत्येकाची कड आत दुमडावी. प्रथम चारही कडा धावदोऱ्याने बंद कराव्यात आणि मग कडेला समांतर ओळी घालीत मध्याकडे यावे. टाके थर धरून ठेवतात आणि त्यांच्याच ओळींनी नक्षीही उमटते. उरलेले धागेही वाया जात नाहीत : बंगालमधील कांथा भरताना जुन्या साडीच्या काठातून ओढलेले रंगीत धागे वापरीत.

उत्तर कन्नडमधील सिद्दी स्त्रियांच्या ‘कवंदी’ गोधडीच्या चारही कोपऱ्यांवर घडी घातलेले त्रिकोणी तुकडे असतात. त्यांना ‘फुले’ म्हणतात. पांघरण्यासाठी शिवलेली ही वस्तू आज कलादालनांच्या भिंतींवरही दिसते.

भिंतीवर गेल्याने गोधडीचा मान वाढतो, पण एक धोकाही संभवतो. ठराविक रंगसंगतीसाठी नवे कापड फाडून चिंध्या केल्या, तर चित्र साधेल; गोधडीचा मूळ हेतू मात्र हरवेल. हाती आलेल्या तुकड्याचा रंग, आकार आणि झीज स्वीकारूनच रचना करणे, हे या कलेचे बंधन आहे. तिचे सौंदर्यही या बंधनातूनच येते. कापडाचा प्रचंड ढीग केवळ हातशिलाईने संपणार नाही. त्यासाठी पानिपतची यंत्रे हवीतच. तथापि, जे कापड अजून शाबूत आहे, ते पिंजण्यापूर्वी एकदा सुईकडे जावे.