एकच रंग, दोन जागा

मोटारगाडीची चाके आणि तिच्यावरील कंपनीचे चिन्ह एकाच रंगात रंगवून घेण्याची हौस अलीकडे आमच्या भागात वाढली आहे. रुपेरी चकाकी घालवून दोहोंना काळा किंवा गनमेटल, म्हणजे गडद करडा, रंग द्यावयाचा. कला शाखेच्या वार्षिकांकात हा विषय कशासाठी, असे गुरुजन व मित्र विचारतील. माझे वडील गॅरेजमध्ये गाड्या रंगवतात आणि आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यांच्या हातातील विद्या आणि ग्रंथालयातील विद्या यांची गाठ कोठे पडते, हे मी शोधत असतो. या विषयात ती पडली.

प्रथम कामाची रीत पाहू. डिकीवरचे चिन्ह बहुधा चिकटपट्टीने बसवलेले असते. केस वाळवण्याच्या यंत्राने ते कोमट करावे आणि मागून नायलॉनचा दोरा करवतीसारखा ओढावा, म्हणजे ते सुटते. चिन्ह प्लॅस्टिकचे असून वर क्रोमचा मुलामा असतो. हा मुलामा इतका गुळगुळीत की रंग त्याला धरत नाही. म्हणून ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी लावून, त्याची चमक मारतात. मग अस्तर, त्यावर रंगाचे दोन-तीन पातळ हात आणि शेवटी क्लिअर लॅकर.

चाकांवर ब्रेकची काळी पूड व तेलकटपणा असतो. तो धुऊन काढल्याशिवाय घासकाम करू नये. टायर न उतरवता रंगवायचे असेल, तर रिम आणि टायर यांच्या फटीत खेळायचे पत्ते खोचतात. नट बसतो तो खळगा आणि चाक हबला टेकते ती मागची बाजू मात्र कोरी ठेवावी. तेथे रंगाचा थर राहिला तर तो दबतो, झिजतो आणि नट ढिला पडतो. हौस जिवावर बेतू शकते ती येथे. म्हणून चाक चढवल्यावर ५० ते १०० किलोमीटर गाडी चालली की नट पुन्हा तपासतात.

गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाने आपल्या पांढऱ्या गाडीचे असे काम करून घेतले. गाडी पाहताच तो म्हणाला, "चाकांना फिका रंग मारलात आणि चिन्हाला गडद. डबे दोन वापरलेत तुम्ही." वडील म्हणाले, "साहेब, एकाच डब्यातला रंग आहे." ते त्याने मानले नाही व मजुरीतले ५०० रुपये कापून घेतले. पैशांपेक्षा खोटेपणाचा ठपका वडिलांना अधिक लागला. मी गोंधळलो, कारण तो फरक माझ्याही डोळ्यांना दिसत होता.

उत्तर मला पुस्तकात सापडले. मिशेल युजेन शेव्हरल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ साली पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख झाले. तेथे चित्रमय पडदे विणले जात. निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी काळा धागा निस्तेज दिसतो, अशी तक्रार होती. शेव्हरल यांनी तपास केला, तेव्हा काळ्या रंगात दोष आढळला नाही. दोष शेजारचा होता. जवळजवळ असलेले दोन रंग एकमेकांचे दिसणे बदलतात, हा नियम त्यांनी १८३९ साली ग्रंथरूपाने मांडला.

आता गाडीकडे पाहा. चाकाचा करडा रंग काळ्या टायरच्या कड्यात बसतो, म्हणून उजळ भासतो. चिन्हाचा करडा रंग पांढऱ्या पत्र्यावर बसतो, म्हणून गडद भासतो. वाचकांनी स्वतः पडताळावे. करड्या कागदाचे दोन तुकडे करून एक काळ्या व एक पांढऱ्या कागदावर ठेवावा. मग पोस्टकार्डाला दोन भोके पाडून त्यांतून फक्त ते तुकडे पाहावेत. फरक नाहीसा होतो. गाडीवर अशी परीक्षा करूनही फरक उरला, तर दोष खरोखर कामात आहे असे समजावे. अस्तर वेगळे असेल, किंवा गन जवळ-दूर धरल्यामुळे रंगातील धातूचे कण निराळे बसले असतील.

हे सारे मी वडिलांना सांगितले. ते हसून म्हणाले, "अरे, हे आम्हाला रोज दिसतं. पण गिऱ्हाइकाला पटवायला पुस्तक लागतं." आता ते काम घेण्यापूर्वी रंगवलेली पट्टी टायरजवळ आणि पत्र्यावर धरून दाखवतात व विचारतात, रंग सारखा असायला हवा की सारखा दिसायला हवा? दिसायला हवा असेल, तर चिन्हाचा रंग किंचित उजळ मिसळावा लागतो.

हा प्रश्न मला गाड्यांपुरता वाटत नाही. माणसाच्या कामाची पारख करताना ते कोणत्या शेजारात ठेवलेले आहे, हे आपण क्वचितच पाहतो. गॅरेजच्या काळवंडलेल्या भिंतीपुढे जे हातकाम ठरते, तेच ग्रंथालयाच्या कपाटात शास्त्र ठरते. मधे पोस्टकार्ड धरून पाहिले, तर रंग एकच आहे.