जुना लॅपटॉप बदलताना



२०२५ च्या दिवाळीनंतरची गोष्ट आहे. एका रविवारी सकाळी ओळखीतला एक मुलगा पिशवीत लॅपटॉप घालून आमच्या घरी आला. तो बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. आईवडील ऊसतोडीला गेलेले. आदल्या हंगामाला मुकादमाकडून जी उचल मिळाली होती, तीतून बापाने २२,००० रुपये काढून हा नवा कोरा लॅपटॉप त्याला घेऊन दिला होता. मुलगा म्हणाला, "काका, हा सुरू व्हायलाच दहा मिनिटं लावतो, आणि जागा संपली म्हणतो. हा देऊन दुसरा घ्यावा का?" यंत्राला धड वर्षही झाले नव्हते.

२२,००० रुपये म्हणजे किती, हे बँकेच्या काउंटरवर वेगळे दिसते आणि फडात वेगळे. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनाला सुमारे ३६६ रुपयांवर गेला. त्या दराने २२,००० म्हणजे ६० टन ऊस. एक कोयता, म्हणजे नवराबायको मिळून, दिवसाला दोन टन तोडतात असे धरले तरी पूर्ण एक महिना होतो. हा हिशेब मी त्या मुलाला सांगितला नाही. तो त्याला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. परंतु आपल्यापैकी अनेक घरांत लॅपटॉप अशाच पैशातून येतो, आणि तो घेताना दुकानातील दहा मिनिटांपलीकडे विचार होत नाही, म्हणून हा लेख लिहावासा वाटला.

त्या यंत्रात दोष काय होता? तुटलेले काहीच नव्हते. त्यात ४ जीबी रॅम होती आणि साठवणुकीला ६४ जीबीची ईएमएमसी चिप. ही चिप मोबाईलमधल्यासारखी मुख्य पट्टीवरच झाळलेली असते. काढून मोठी बसवता येत नाही. रॅमही तशीच झाळलेली. विंडोज आणि त्याचे अपडेट यांनीच बहुतेक जागा खाल्लेली. म्हणजे हे यंत्र विकत घेतले त्या दिवशीच भरत आले होते, आणि ते सुधारण्याची वाट कारखान्यातच बंद झालेली होती. दुकानदार खोटे बोलला नव्हता. "नवा आहे, हलका आहे, एक वर्षाची वॉरंटी आहे" एवढेच तो बोलला, आणि ते सर्व खरे होते. स्वस्त वस्तू आणि उपयोगाची वस्तू यांतला फरक देशानेही एकदा पाहिला आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत मोठ्या थाटात 'आकाश' टॅबलेट विद्यार्थ्यांसाठी आला. २५६ एमबी मेमरी आणि जोर देऊन दाबावा लागणारा पडदा. किंमत ऐकून सगळे हरखले, हातात घेतल्यावर उत्साह मावळला.

तेव्हा जुन्याच्या जागी दुसरा घ्यायचा झाला तर पहिला प्रश्न किमतीचा नसून कामाचा आहे. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरणे, एमपीएससीची जाहिरात पाहणे, व्याख्याने ऐकणे, एवढेच काम असेल तर मी स्पष्ट सांगतो, लॅपटॉप घेऊ नका. बरा मोबाईल आणि अभ्यासिकेतला संगणक यांत ते निभते. लॅपटॉप लागतो तो लांब मजकूर टाईप करायला, एक्सेलला, प्रोग्रामिंग शिकायला, प्रबंधाला. त्यातही वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. टॅली हे विंडोजवर चालणारे सॉफ्टवेअर आहे. कोणी मोबाईलच्या अँड्रॉइडवर आधारलेला स्वस्त लॅपटॉप दाखवला तर त्यावर ते बसणार नाही. कला शाखेच्या विद्यार्थ्याला मात्र ही अट नाही. मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट मांडणी विंडोजमध्ये आधीपासूनच असते, लिब्रेऑफिस हे मोफत मिळते, आणि ही दोन्ही कामे साध्या यंत्रावर सुखाने होतात.

दुसरी गोष्ट, जुना लॅपटॉप खरोखर बदलण्याच्या अवस्थेत आहे का? यंत्र हळू झाले म्हणजे म्हातारे झाले, असा आपला समज. पुष्कळदा दुखणे फक्त फिरत्या हार्ड डिस्कचे असते. तशी डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी मजकूर वाचते. त्याच जागी बसणारी साधी एसएसडी ५०० च्या आसपास वाचते, शिवाय विखुरलेल्या लहान लहान फायली शोधण्यात तर दोघींची तुलनाच नाही. माझा स्वतःचा २०१५ साली घेतलेला लॅपटॉप मी एसएसडी टाकून आणखी पाच वर्षे वापरला. बिजागरी तुटली होती, तिला पट्टी लावली होती. मुलीला त्याची लाज वाटे, मला नाही.

मग तो बदलावा का लागला? कारण विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नियमित आधार थांबवला, आणि घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंतच ठेवली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा व्यवस्था लागते आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. माझा पाचव्या पिढीचा होता. काही जण म्हणतील, चालतंय तोवर चालवा. अभ्यासापुरते चालवायला हरकत नाही. पण ज्या यंत्राला सुरक्षेचे अपडेट मिळत नाही त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत, हे मी रोज काउंटरला रडत आलेली माणसे पाहून सांगतो.

ही 'पिढी' काय भानगड आहे, हे प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घ्यावे, कारण सर्वात जास्त फसगत इथेच होते. दुकानदार म्हणतो, "आय-सेव्हन आहे, घ्या डोळे झाकून." डोळे उघडेच ठेवावेत. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही इयत्ता झाली, साल नव्हे. साल कळते ते पुढच्या आकड्यावरून. आय-फाइव्ह-८२५०यू यात पहिला आकडा ८, म्हणजे आठवी पिढी, २०१७ सालची. १०२१०यू असेल तर दहावी. चौथ्या पिढीचा आय-सेव्हन हा २०१३ च्या काळातला. रोजच्या कामाला दहाव्या-अकराव्या पिढीचा आय-थ्री त्याच्यापेक्षा बरा, आणि विंडोज ११ ला पात्र. सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि मग अबाउट उघडले की हा आकडा समोर येतो. काही ठिकाणी अपात्र यंत्रावरही खटपट करून विंडोज ११ चढवून ठेवलेली असते. ती चालते, पण पुढची अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. म्हणून पडद्यावर विंडोज ११ दिसते एवढ्यावर जाऊ नये, आकडा वाचावा.

आता किती लागते? माझे मत असे: ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी याच्या खाली उतरू नये. विंडोज ११ ची अधिकृत किमान गरज ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवणूक अशी लिहिलेली आहे, आणि त्या मुलाचे यंत्र नेमके तेवढेच होते. किमान म्हणजे गाडीत उभे राहण्यापुरती जागा, बसायला नव्हे. पूर्वी मी सांगत असे, की रॅमची एक खाच रिकामी असलेला घ्या, पुढे पैसे आले की वाढवा. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीच्या चिपांचे भाव जगभर चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांनी मागणी वाढवली. त्यामुळे खाच असावीच, पण आजची गरज उद्याच्या भरवशावर टाकू नये.

माझ्याजवळ २५,००० होते. या रकमेत नवा घेतला असता तर त्या मुलाच्या यंत्राचाच थोरला भाऊ मिळाला असता. म्हणून मी वापरलेला घेतला. मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप तीन-चार वर्षांनी एकगठ्ठा काढून टाकतात. ते मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस अशा बाजारांतून साफसूफ होऊन आपल्याकडे पोचतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ही नावे त्यांतलीच. दिसायला काळेसावळे आणि जड, परंतु उघडून दुरुस्त करता येतील असे. छत्रपती संभाजीनगरहून मी दहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी, २५६ जीबी एसएसडी असा २३,५०० रुपयांना आणला. पुढे बॅटरीला वेगळे पैसे घालावे लागले, ते आधीच ठाऊक होते. ठाऊक कसे? कमांड प्रॉम्प्टमध्ये बॅटरी रिपोर्टची आज्ञा दिली की यंत्र स्वतःच सांगते, बॅटरी मुळात किती क्षमतेची होती आणि आता किती भरते. माझी निम्म्याला आली होती. तो कागद दाखवूनच मी भाव तोडला.

वापरलेला घेताना दुकानात तासभर बसावे, चहा प्यावा, घाई करू नये. प्रत्येक कळ दाबून पाहावी, कॅमेरा आणि आवाज पाहावा, पडदा पांढरा करून डाग शोधावेत, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे आणि बायोसला जुन्या कंपनीचा पासवर्ड तर नाही ना हे समोर तपासून घ्यावे. तो असेल तर स्वस्तातही नको. आणि बिल! बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक आणि यंत्राचा सिरियल नंबर असलाच पाहिजे. बिनबिलाचा लॅपटॉप दोन हजारांनी स्वस्त पडतो, आणि तो चोरीचा निघाला तर पोलीस दारात येतात ते तुमच्या.

आता माझ्या क्षेत्राचा विषय, म्हणजे हप्ते. 'शून्य टक्के व्याज' अशी पाटी वाचून आपली माणसे सहज सही करतात. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते. कसे, ते पाहा. समजा लॅपटॉप ४२,००० चा आहे आणि १२ हप्ते ३,५०० चे. व्याज दिसत नाही. पण रोख घेणाऱ्याला तोच ३९,००० ला मिळतो. ही ३,००० ची सूट तुम्ही सोडली. वर प्रक्रिया शुल्क ९९९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून जवळजवळ १,१७९. म्हणजे ३९,००० च्या वस्तूला तुम्ही ४३,१७९ दिले. ही रक्कम दर महिन्याला फिटत जाते हे धरून मांडले तर व्याज वर्षाला २० टक्क्यांच्या जवळ जाते. नोकरदाराने त्यापेक्षा आपल्या पतसंस्थेचा दर विचारून पाहावा. आणि हप्ता चुकला तर दंड तर लागतोच, शिवाय ज्याच्या नावावर कर्ज त्याची पतनोंद खराब होते. पुढे मुलाला शैक्षणिक कर्ज हवे असते तेव्हा सहकर्जदार म्हणून बापाचीच पतनोंद काढली जाते. अशी दोन प्रकरणे मी स्वतःच्या टेबलावरून परत जाताना पाहिली आहेत. लॅपटॉप केव्हाच बंद पडलेला होता, नोंद मात्र चालू होती.

शैक्षणिक कर्जावरून आठवले. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रमासाठी आवश्यक असल्यास संगणकाची वाजवी किंमतही खर्चात धरता येते. पालक फीचा कागद आणतात, संगणकाचे दरपत्रक आणत नाहीत, आणि मग तोच लॅपटॉप दुकानाच्या हप्त्यावर घेतात. अर्ज करतानाच दरपत्रक जोडून विचारावे. विचारण्याला शुल्क नाही.

राहिली आपल्या जिल्ह्याची बाब. वॉरंटी घरी येऊन दुरुस्ती करणारी आहे की यंत्र केंद्रावर न्यायचे आहे, हे विचारून घ्यावे. वडवणीच्या किंवा पाटोद्याच्या मुलाला दोन वेळा संभाजीनगरची फेरी पडली तर स्वस्ताई एसटीच्या तिकिटातच संपते. विजेचे केंद्र आपल्याच परळीला असले तरी आपली वीज जायची ती जातेच. जाते त्याने लॅपटॉपला काही होत नाही, परत येताना जो झटका येतो तो चार्जर जाळतो. वीज गेली की पिन काढून ठेवावी. तीन पिनांची जोडणी आणि अर्थिंग नीट असावे. उन्हाळ्यात यंत्र गोधडीवर ठेवून वापरू नये, खालची हवा कोंडते. आणि बॅटरी फुगून कळफलक वर उचलला गेला असेल तर ते यंत्र त्या क्षणी बंद करून दुरुस्तीवाल्याकडे द्यावे, घरी टोचाटोची करू नये.

त्या मुलाच्या लॅपटॉपवर आम्ही विंडोज काढून हलकी लिनक्स चढवली आणि लिब्रेऑफिस बसवले. आता तो मिनिटभरात सुरू होतो, टाईपिंग आणि हिशेबाचे तक्ते होतात. टॅली मात्र होत नाही, त्यासाठी तो संध्याकाळी अभ्यासिकेतल्या संगणकावर बसतो. पट्टा पडल्यावर त्याचे वडील गावी आले, तेव्हा मुलाबरोबर मला भेटायला आले. बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "साहेब, हे इकलं तर किती येतेल?" आम्ही तिघे मिळून बाजारात विचारायला गेलो. एका ठिकाणी साडेतीन हजार सांगितले, दुसऱ्या ठिकाणी घेतच नाही म्हणाले. त्यांनी तो परत पिशवीत घातला. शिष्यवृत्ती खात्यावर जमा झाली की वापरलेला पाहायला जाण्याचे ठरले आहे, आणि सोबत मी जाणार आहे.