कुत्रा गप्प बसतो तेव्हा

पेण-रोह्याकडच्या घरांत रात्री फडताळामागून उग्र दर्प आला, की घरातली माणसे म्हणतात, "चिचुंद्री आली वाटतं!" चिचुंद्री दिसलेली नसते, तिच्या कुशीवरील गंधग्रंथींचा वासच वर्दी देतो. दिसण्यात उंदरासारखी असली, तरी ती कीटक खाणारा वेगळा सस्तन प्राणी आहे. असे लहान सस्तन प्राणी बहुधा रात्री हिंडतात व दिवसा बिळात राहतात. मग एखादा प्राणी कित्येक वर्षे दिसला नाही, तर तो नष्ट झाला की लपून आहे, हे कसे ठरवावे?

येथे कुत्र्याचे नाक उपयोगी पडते. कुत्रा एका सेकंदात अनेकदा हुंगतो. त्याचा उच्छ्वास नाकपुड्यांच्या बाजूच्या फटींतून निघून जातो, त्यामुळे समोरचा वास फारसा उधळत नाही.

याचे एक सुंदर उदाहरण पाहा. दक्षिण आफ्रिकेत पोर्ट नोलोथ गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांत 'डी विंटनचा सोनेरी मोल' हा चिमुकला प्राणी राहतो. डोळ्यांवर कातडी असल्याने तो आंधळा असतो आणि वाळूत पोहल्यासारखा सरकतो. सुमारे 86 वर्षे तो कोणालाच सापडला नव्हता. 2021 साली 'एंडेंजर्ड वाइल्डलाइफ ट्रस्ट' व प्रिटोरिया विद्यापीठ यांचे संशोधक 'जेसी' नावाची बॉर्डर कॉली कुत्री घेऊन शोधास निघाले.

पण अडचण अशी, की या मोलच्या वासाचा नमुनाच नव्हता. मग जेसीला शिकवायचे काय? संशोधकांनी तिला त्या भागातील इतर जातींच्या सोनेरी मोलचा वास ओळखायला शिकवले. वाळूवर मोलची वाट दिसते आहे, तरी जेसी खूण करीत नाही. म्हणजे ही वाट कदाचित हरवलेल्या मोलची! जेसीचे गप्प बसणे हाच पुरावा ठरू लागला.

तरी एवढ्यावर निष्कर्ष काढता येत नाही. प्राणी जातो तेथे त्याचे केस, त्वचेच्या पेशी व विष्ठा मागे राहतात. संशोधकांनी वाळूचे शंभराहून अधिक नमुने घेतले आणि त्यांतील डीएनए संग्रहालयातल्या जुन्या नमुन्याशी ताडून पाहिला. तो जुळला. नोव्हेंबर 2023 मध्ये हा मोल जिवंत असल्याचे जाहीर झाले. त्या किनाऱ्यावर हिऱ्यांच्या खाणी आहेत. प्राणी नष्ट झाला असे समजून बसलो, तर त्याच्या राहत्या जागेची काळजी कोण करणार?

आता हे करून पाहा. तीन डब्यांत जिरे, ओवा व बडीशेप ठेवा. चौथा रिकामा ठेवा. डोळे बांधलेल्या मित्राला फक्त जिरे व ओवा ओळखायला शिकवा. बडीशेपेला तो "यांतले नाही" म्हणेल. पण रिकाम्या डब्यालाही तेच म्हणेल! म्हणून आधी वाट दिसली पाहिजे, मगच गप्प बसण्याला अर्थ येतो.

आपल्याकडे रोहा-मुरूड भागातील फणसाड अभयारण्यात वाळूऐवजी पाचोळा असतो. तेथे बारीक पाऊलवाटा दिसत नाहीत आणि कोकणातला पाऊस वास धुऊन नेतो. अशा ठिकाणी शोध घ्यायचा तर कोणता ऋतू निवडाल? बिळात कोण राहते, याचा पहिला पुरावा कोणता मानाल? वर्गात चर्चा करा.